पायदळाच्या सैनिकाच्या डोळ्यांपुढील पडदा : परिधेय दर्शक-प्रणालींच्या व्यवहार्यतेची चिकित्सा

प्रास्ताविक

पायदळाच्या सैनिकाच्या डोळ्यांपुढे एक लहानसा पडदा असावा आणि त्यावर नकाशा, सहकाऱ्यांची ठिकाणे, शत्रूच्या संभाव्य जागा, रायफलीच्या दुर्बिणीतून दिसणारे दृश्य व वरिष्ठांचे आदेश एकाच वेळी उमटावेत, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. गेल्या तीन दशकांत अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि भारत अशा अनेक देशांच्या सैन्यांनी ती वेगवेगळ्या नावांनी हाती घेतली. या विषयावर उपलब्ध असलेले बरेचसे लिखाण उत्पादकांच्या माहितीपत्रकांवर आधारलेले असते. त्यात उपकरण काय काय दाखवते याची यादी असते. मात्र ते अंगावर घालणाऱ्या माणसाकडून काय काय काढून घेते, याचा हिशेब क्वचितच आढळतो.

इंग्रजीतील 'डिस्प्ले' या शब्दाला आपल्याकडे 'प्रदर्शन' असा प्रतिशब्द काही कोशांतून दिला जातो. तांत्रिकदृष्ट्या तो ढिला असला, तरी प्रस्तुत विषयापुरता तो अनवधानाने फार नेमका ठरला आहे. मैदानावरील प्रात्यक्षिकात ही साधने जितकी शोभून दिसतात, तितकी ती मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी का शोभत नाहीत, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी अमेरिकी भूसेनेच्या 'लँड वॉरियर' आणि 'आयव्हॅस' या दोन प्रकल्पांचा मुख्यतः विचार केला असून, शेवटी भारतीय संदर्भाची नोंद घेतली आहे.

लँड वॉरियर : टाकून दिलेल्यातून उरलेले

१९९२ साली फोर्ट बेनिंग येथे अमेरिकी भूसेनेने एकात्मिक सैनिक-पोशाखाचे प्रात्यक्षिक घेतले. त्यातून नव्वदीच्या दशकाच्या मध्यास लँड वॉरियर प्रकल्प उभा राहिला. पाठीवर संगणक, संदेशवहनाचा संच, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, रायफलीवर कॅमेरा आणि हेल्मेटला जोडलेला एका डोळ्यापुढचा छोटा पडदा, असे त्याचे साधारण स्वरूप होते. कंत्राटदार बदलले, आराखडे बदलले, प्रणाली एकदा जवळजवळ मुळापासून नव्याने रचली गेली. सुमारे पंधरा वर्षे आणि अंदाजे पन्नास कोटी डॉलर खर्ची पडल्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये भूसेनेने या प्रकल्पाचा निधी बंद करण्याचा निर्णय घेतला.

योगायोग असा की, त्याच वर्षी ही प्रणाली प्रथमच खऱ्या युद्धात गेली. नवव्या इन्फन्ट्री रेजिमेंटची चौथी बटालियन स्ट्रायकर या चिलखती गाड्यांसह इराकमध्ये तैनात झाली, तेव्हा लँड वॉरियरचे संच तिच्याबरोबर होते. या तैनातीचा अनुभव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक बोलका आहे, कारण तेथे प्रात्यक्षिकाचे दडपण नव्हते. जे उपयोगी ते ठेवायचे आणि जे अडचणीचे ते काढून टाकायचे, एवढाच सैनिकांचा निकष होता.

त्यांनी काय काढले? प्रथम, प्रत्येक सैनिकाला संच देण्याची मूळ कल्पनाच मागे पडली. संच केवळ लहान तुकड्यांच्या नायकांपर्यंत आणि त्यांच्यावरील अधिकाऱ्यांपर्यंत दिले गेले. सामान्य रायफलधारीला त्याची गरज नव्हती. त्याचा नायक त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. दुसरे म्हणजे, रायफलीवरील कॅमेऱ्याचे दृश्य तारेने डोळ्यापर्यंत आणण्याची जी सोय माहितीपत्रकांत सर्वांत ठळक असे, ती प्रत्यक्षात बाजूला पडली. भिंतीआडून केवळ बंदूक बाहेर काढून नेम धरण्याचे चित्र आकर्षक आहे खरे. पण धावताना अडकणारी तार आणि मंद गतीने सरकणारे चित्र यांच्यापेक्षा साध्या दुर्बिणीवर डोळा टेकवणे सैनिकाला अधिक भरवशाचे वाटले.

आणि त्यांनी काय ठेवले, हे तर अधिकच लक्षणीय आहे. नकाशावर आपली माणसे कोठे आहेत हे दिसणे त्यांना मोलाचे वाटले. झडती घेऊन झालेल्या घरावर रासायनिक प्रकाशकांडी टाकून खूण करण्याची पायदळात रीत आहे. तशीच खूण नकाशावर उमटवण्याची सोय या बटालियनच्या गरजेतून प्रणालीत आली आणि ती लोकप्रिय ठरली. रात्रीच्या झडतीत दोन तुकड्या एकाच घरात दोन बाजूंनी शिरू नयेत, एकमेकांवर गोळी झाडू नये, ही फार जुनी आणि फार खरी अडचण आहे. ती सोडवणाऱ्या साधनाला सैनिकांनी नाकारले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जे टिकले ते नकाशा आणि संदेशवहन. यांपैकी कशालाही डोळ्यापुढे सतत लटकणारा पडदा अनिवार्य नव्हता. खिशातून काढून पाहता येईल असा पडदाही पुरेसा होता. भूसेनेने पुढे नेमके तेच केले. दुसऱ्या महायुद्धातील शौर्यपदकविजेते कर्नल रॉबर्ट नेट यांच्या नावाने २०१० मध्ये ओळखला जाऊ लागलेला 'नेट वॉरियर' हा उत्तराधिकारी प्रकल्प २०११ नंतर बाजारात मिळणाऱ्या स्मार्टफोनकडे वळला. फोन छातीवरील पट्ट्यात ठेवायचा, तो सैनिकी रेडिओला जोडायचा, आणि आडोशाला थांबून पाहायचा. पंधरा वर्षांच्या खटाटोपाचे हे फलित वरवर पाहता किरकोळ वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण इतिहासातील तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.

वैमानिकाचे साधन, पायदळाचे शरीर

डोळ्यांपुढील पडद्याची कल्पना मूळची विमानातली. लढाऊ विमानांच्या काचेवर उमटणारी माहिती आणि अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या एका डोळ्यापुढील भिंग ही तिची यशस्वी उदाहरणे. परंतु वैमानिक बसलेला असतो. वीज इंजिन पुरवते, वजन यंत्र वाहते, आणि हेल्मेटची दिशा मोजणारी उपकरणे कॉकपिटमध्ये स्थिर बसवलेली असतात. पायदळाचा सैनिक धावतो, लोळण घेतो, कोपरांवर सरपटतो, घामाने आणि पावसाने भिजतो. त्याच्यासाठी यंत्र म्हणजे त्याचेच गुडघे आणि त्याचीच मान.

वजनाचा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरत नाही. अमेरिकी लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० साली 'द सोल्जर्स लोड अँड द मोबिलिटी ऑफ अ नेशन' या छोटेखानी पुस्तकात सैनिकाच्या पाठीवरील ओझ्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. (मार्शल यांच्या अन्य काही निष्कर्षांच्या आधारसामग्रीबाबत पुढील इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, ओझ्याविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र टिकून राहिले.) अर्धशतकानंतर, २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी हवाई छत्रीधारी दलाच्या सैनिकांचे ओझे प्रत्यक्ष वजन करून मोजण्यात आले. केवळ लढाईपुरते ओझे सरासरी ६३ पौंड, म्हणजे २८ किलोंहून अधिक, आणि कूच करतानाचे ओझे १०१ पौंड, म्हणजे सुमारे ४६ किलो भरले. ज्यांनी राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात केवळ रायफल घेऊन काही तास चाल केली असेल, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. लँड वॉरियरच्या प्रारंभीच्या आवृत्तीने यावर आणखी सात किलोंहून अधिक भार चढवला होता. पुढे त्यात बरीच काटछाट झाली. पण ज्याची पाठ आधीच भरलेली आहे, त्याच्यासाठी प्रत्येक नवा किलो पाण्याच्या किंवा काडतुसांच्या बदल्यात येतो.

फ्रान्सची 'फेलँ' ही प्रणाली याच अडचणीतून गेली. २००४ मध्ये कंत्राट, २०१० पासून पायदळाच्या रेजिमेंटांना वाटप, सुमारे २२ हजार संच आणि अफगाणिस्तानातील वापर असा तिचा पल्ला अमेरिकी प्रकल्पापेक्षा कितीतरी व्यवस्थित होता. तरीही वजन आणि अवजडपणा हीच तक्रार तिच्याबाबतही प्रामुख्याने पुढे आली.

विजेचा प्रश्न वजनाचाच दुसरा भाग होय. बॅटऱ्या संपतात, त्या बदलाव्या लागतात, बदलण्यासाठी वाहाव्या लागतात. गाडीतून उतरून दोन तासांत परत गाडीत येणाऱ्या तुकडीला ही अडचण जाणवत नाही. इराकमधील बटालियनला गाड्यांचा आधार होता, म्हणूनच तिचा अनुभव तुलनेने बरा राहिला. डोंगरात तीन दिवस पायी जाणाऱ्या तुकडीला असा आधार नसतो.

तिसरी किंमत अवधानाची आहे, आणि ती वजनकाट्यावर दिसत नाही. १९८० साली नासाच्या संशोधकांनी प्रशिक्षण-यंत्रावर केलेल्या एका प्रयोगात, समोरच्या काचेवर उमटणाऱ्या माहितीच्या आधारे विमान उतरवणाऱ्या अनुभवी वैमानिकांपैकी काहींना धावपट्टीवर आडवे आलेले विमान दिसलेच नाही. पडद्यावरील आकडे आणि बाहेरील दृश्य डोळ्याच्या एकाच रेषेत असल्याने दोन्ही एकदम दिसतील, हे गृहीतक त्या प्रयोगाने खोटे पाडले. नजर एका ठिकाणी असली, तरी मन एका वेळी एकाच थरात वावरते. मानसशास्त्राच्या अध्यापकांना हे परिचित आहे. संरक्षण-खरेदीच्या कागदपत्रांत मात्र 'परिस्थितीची जाण' हा शब्दप्रयोग पडद्यावरील माहितीच्या प्रमाणात आपोआप वाढणारी राशी असल्यासारखा वापरला जातो. खिडकीतील पडद्याची किंचित हालचाल, अकस्मात थांबलेले रातकिड्यांचे आवाज, रस्त्यावर नेहमी खेळणारी मुले आज नसणे, हीदेखील पायदळाच्या सैनिकासाठी माहितीच आहे. ती कोणत्याही उपग्रहावरून येत नाही.

आयव्हॅस : तीच अडचण, अधिक महाग

नेट वॉरियरच्या अनुभवानंतर पडदा पुन्हा डोळ्यांपुढे येणार नाही असे वाटणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये भूसेनेने मायक्रोसॉफ्टला तिच्या होलोलेन्स या चष्म्यावर आधारित 'इंटिग्रेटेड व्हिज्युअल ऑगमेंटेशन सिस्टिम', म्हणजेच आयव्हॅस, विकसित करण्यासाठी ४८ कोटी डॉलरचे काम दिले. मार्च २०२१ मध्ये दहा वर्षांत १ लाख २० हजारांपर्यंत संच आणि कमाल २१.८८ अब्ज डॉलर अशी उत्पादनाची व्याप्ती जाहीर झाली. सैनिकांकडून हजारो तासांचे अभिप्राय घेऊन आराखडा घडवला जात असल्याचे वारंवार सांगितले गेले, आणि ते खोटे नव्हते.

तरीही एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने एका साध्या त्रुटीवर बोट ठेवले. सैनिकांनी प्रणाली स्वीकारली असे केव्हा म्हणायचे, याची किमान पातळीच भूसेनेने ठरवलेली नव्हती. ही पातळी न ठरवता खरेदी झाली, तर सैनिक वापरू इच्छिणार नाहीत अशा वस्तूवर संपूर्ण २१.८८ अब्ज डॉलर वाया जाऊ शकतात, असा इशारा त्या अहवालात होता. अभिप्राय गोळा करणे आणि अभिप्रायाला निर्णायक मानणे यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा सरकारी दस्तऐवज क्वचितच सापडेल. आपल्या महाविद्यालयांतूनही विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज भरून घेतले जातात. त्यांचे पुढे काय होते, हे वाचक जाणतातच.

त्याच वर्षी मे-जूनमध्ये फोर्ट ब्रॅग येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष संरक्षण खात्याच्या चाचणी-विभागाच्या अहवालातून पुढे आले. बहुसंख्य सैनिकांना डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ, चक्कर, मानदुखी यांपैकी किमान एक त्रास झाला. ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिकांना तो तीन तासांच्या आतच जाणवू लागला. दृष्टिक्षेत्र अपुरे, अंधारात दिसणे असमाधानकारक, हेल्मेट बोजड अशी निरीक्षणे होती. आणि नव्या साधनासह तुकड्यांची कामगिरी जुन्या साधनांपेक्षा सरस ठरली नाही. चष्म्यातून बाहेर पडणारा मंद उजेड रात्री दूरवरून दिसतो, ही एका सैनिकाची तक्रार वृत्तपत्रांतूनही गाजली.

यांतील काही दोष अभियांत्रिकीच्या प्रगतीने कमी होतील, काही इतक्या सहज होणार नाहीत. असा चष्मा बाहेरच्या प्रकाशात आपला प्रकाश मिसळतो. बाहेरचा प्रकाश तो वजा करू शकत नाही. म्हणून भर उन्हात चित्र पुसट होते. रात्री तोच प्रकाश काचेतून उलट दिशेने, शत्रूकडे, निसटतो. दोन्ही डोळे ज्या अंतरावर वळतात आणि भिंग ज्या अंतरावर चित्र केंद्रित करते, ती अंतरे वेगळी असली की डोळ्यांचे स्नायू परस्परविरोधी आज्ञांत सापडतात. मान वळल्यानंतर चित्र किंचित उशिरा वळले, की कानातील तोलेंद्रिय आणि डोळे यांची साक्ष जुळत नाही. बोट लागण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही मळमळ ठाऊक आहे. कार्यालयात बसून यंत्राची दुरुस्ती शिकणाऱ्या तंत्रज्ञाला हे सर्व काही मिनिटे चालते. होलोलेन्सची घडण अशाच वापरकर्त्यासाठी झाली होती.

अमेरिकी काँग्रेसने २०२३ च्या अंदाजपत्रकात ६,९०० संचांच्या खरेदीसाठी मागितलेले ४० कोटी डॉलर नाकारले आणि सुधारित आवृत्तीच्या विकासासाठी ४ कोटी दिले. नव्या आवृत्तीत चष्मा वर उचलून डोळे मोकळे करण्याची सोय आली. डोळ्यांपुढचा पडदा दूर सारता येणे ही सुधारणा म्हणून नोंदली जावी, यातच पुष्कळ काही आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा प्रकल्प मायक्रोसॉफ्टकडून अँडुरिल या कंपनीकडे जात असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूसेनेने पुढील टप्प्यासाठी अँडुरिल आणि रिव्हेट या दोन कंपन्यांना स्वतंत्र कामे दिली. म्हणजे कल्पना सोडलेली नाही, फक्त हात बदलले.

रात्रदर्शी चष्म्याची साक्ष

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पायदळाचा सैनिक डोळ्यांपुढे साधन बाळगायला तयारच नसतो, असे म्हणता येत नाही. रात्रदर्शी चष्मे तो दशकानुदशके वापरत आला आहे. तेही जड आहेत, त्यांनीही मान दुखते, दृष्टिक्षेत्र आक्रसते. अमेरिकी भूसेनेने २०१९ पासून दिलेल्या दोन डोळ्यांच्या सुधारित रात्रदर्शी चष्म्यात तर रायफलीवरील दुर्बिणीचे दृश्यही बिनतारी येते. लँड वॉरियरमध्ये जे फसले, ते येथे बऱ्यापैकी स्वीकारले गेले.

परंतु हा आक्षेप मूळ मुद्दा अधिक नेमका करतो. रात्रदर्शी चष्मा नसताना सैनिक अंधारात आंधळा असतो. चष्म्याने त्याला दृष्टी मिळते. मिळकत इतकी मोठी आहे की मानदुखी सोसली जाते. दिवसाउजेडी धडधाकट डोळ्यांच्या माणसापुढे धरलेला नकाशा त्याला दृष्टी देत नाही, तिच्यात वाटेकरी आणतो. दोन्ही साधनांना 'परिधेय दर्शक' या एकाच सदरात घालून एकाच्या यशावर दुसऱ्याचे अंदाजपत्रक मंजूर करून घेणे, ही या क्षेत्रातील नित्याची चलाखी आहे. आयव्हॅसच्या बाबतीत तर नव्या साधनाचे अंधारातील दिसणेच असमाधानकारक ठरले. म्हणजे जे सैनिकाजवळ आधीपासून होते, त्याच्याशीच ते बरोबरी करू शकले नाही.

भारतीय संदर्भ

भारतीय सैन्याने या शतकाच्या पहिल्या दशकात 'एफ-इन्सास' हा प्रकल्प आखला. नावातील साम्यामुळे अनेकदा गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट करावयास हवे : पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने आरेखित केलेल्या इन्सास रायफलीच्या नावाचा अर्थ वेगळा आणि या प्रकल्पाचा वेगळा. येथे सैनिक हीच एक 'प्रणाली' मानली आहे. (माणसाला प्रणाली म्हणण्यातच पुढच्या अडचणींचे बीज आहे, असे या लेखकास वाटते; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) शस्त्र, संरक्षक पोशाख आणि हेल्मेटवरील पडद्यासह संगणक-संदेशवहन असे मूळ स्वरूप होते. २०१५ मध्ये सैन्याने शस्त्र व संरक्षण हा भाग आणि रणभूमी-व्यवस्थापनाचा संगणकीय भाग वेगळे केले. दुसरा भाग पुढे खर्चाच्या कारणाने गुंडाळला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते 'एफ-इन्सास' सैन्याला सुपूर्द झाला, तेव्हा भर एके-२०३ रायफल, गोळीरोधक हेल्मेट व जाकीट आणि संदेशवहन यांवर होता.

या वाटचालीला वृत्तपत्रांतून बहुधा दिरंगाईची कथा म्हणून सादर केले जाते. दिरंगाई झाली हे खरे. तथापि रायफल, जाकीट आणि रेडिओ आधी आणि पडदा नंतर, हा क्रम लँड वॉरियरच्या इराकमधील अनुभवाशी जुळणारा आहे. तो विचारपूर्वक आला की निधीअभावी, यावर वाद होऊ शकेल. क्रम मात्र बरोबर आहे. साडेतीनशेहून अधिक बटालियन असलेल्या पायदळात जाकीट आणि पडदा यांची निवड करावी लागली, तर ती कोणत्या बाजूने व्हावी हे जवानाच्या घरच्यांना विचारून पाहावे.

आयव्हॅसचे उत्तराधिकारी आता अधिक हलके, अधिक तेजस्वी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने युक्त असल्याचे सांगितले जात आहे, आणि आपल्याकडेही तशा प्रस्तावांची चर्चा वाढत जाईल. त्यांची परीक्षा घेण्याची जागा प्रदर्शनाचा मंडप असू नये. सियाचीनमध्ये तापमान शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांपर्यंत उतरते आणि लिथियम बॅटरीची धारणक्षमता थंडीत घटते. ईशान्येच्या जंगलात आषाढात काच कोरडी राहत नाही आणि झाडीमुळे उपग्रहाचा संकेत तुटतो. साधन अशा दोन ठिकाणी, गाडीच्या आधाराविना, एका सेक्शनला बहात्तर तास द्यावे. पहिल्या दिवशी ते वापरणे सक्तीचे असावे. दुसऱ्या दिवसापासून ते ऐच्छिक करावे, आणि तिसऱ्या रात्री किती जवानांच्या डोळ्यांवर ते आहे व किती जणांच्या पिशवीच्या तळाशी, हे मोजावे. स्वीकाराची किमान पातळी किती हा आकडा मात्र चाचणीच्या आधी, निविदेच्या कागदावरच लिहिलेला असला पाहिजे.